बी-४०३ ची जप्तीची नोटीस

बी-४०३: नमस्कार. गेटवरची नोटीस सगळ्यांनी वाचली असेलच, म्हणून मीच लिहितो. बँकेने घराचा ताबा घेण्याविरुद्ध मी पुण्याच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, अर्ज केला होता, तो फेटाळला. आता थेट हायकोर्टात जाऊ का?

सी-१०२: मेंटेनन्सच्या थकबाकीचं काय?

सेक्रेटरी: सी-१०२, ते मीटिंगमध्ये. इथे नको.

ए-७०१ वकीलकाका: हायकोर्ट आत्ता नको. सरफेसीत, म्हणजे बँकांना थकीत कर्जासाठी गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्यात, अपिलाची सोय असताना हायकोर्टाने रिट याचिका सहसा घेऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने सत्यवती टंडन प्रकरणात २०१० मध्येच बजावलंय. ‘आधी डीआरएटीत (डीआरटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणात) जा’ हे ऐकून परत याल, तोवर मुदत गेलेली असेल. निकालाची प्रत कधी मिळाली?

बी-४०३: मागच्या आठवड्यात.

वकीलकाका: तिथपासून ३० दिवस. सरफेसीचं कलम १८, मुंबईचं डीआरएटी. पण देण्याच्या ५० टक्के रक्कम भरल्याशिवाय अपील ऐकत नाहीत. कारण दाखवून कमी करून मिळते, मात्र २५ टक्क्यांच्या खाली नाही. मला ही अट जाचकच वाटते. डीआरटीच्या पायरीवरची ७५ टक्क्यांची अट सुप्रीम कोर्टाच्या मार्डिया केमिकल्स निकालात २००४ ला रद्द झाली, अपिलावर ही आहेच.

बी-४०३: बँक ३८ लाख म्हणते. म्हणजे कमीत कमी साडेनऊ लाख! तेवढे असते तर हप्तेच नसते का भरले, काका?

डी-२०४: अपील केलं की लिलाव आपोआप थांबतो ना?

वकीलकाका: नाही ताई, स्थगितीचा अर्ज वेगळा. शिवाय लिलावाची जाहिरात येण्याआधी सगळं देणं खर्चासकट चुकतं केलं तरच घर सोडवता येतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर असंच आहे, सुप्रीम कोर्टाच्या बाफना मोटर्सच्या २०२३ च्या निकालातही तेच. जाहिरात आलीय?

बी-४०३: अजून नाही.

वकीलकाका: बरं. डीआरटीत मुद्दा काय मांडला होता?

बी-४०३: कर्ज फेडायला सांगणारी ६० दिवसांची मागणी नोटीस जुन्या भाड्याच्या घरी पाठवली. बँकेची स्टेटमेंटं मात्र कित्येक वर्षं इथेच येतात. निकालात त्यावर एक ओळ नाही.

वकीलकाका: मग अपील यावरच उभं करा. मुलांची शाळा, आईचं आजारपण हे शेवटी. स्टेटमेंटची पाकिटं फेकली नाहीत ना?

बी-४०३: बायकोने फाइल केलीत 🙏

सी-१०२: माझ्या ओळखीचा एजंट आहे, बँकेत सेटलमेंट करून देतो.

वकीलकाका: एजंट नको. ओटीएसचा, म्हणजे एकरकमी तडजोडीचा, अर्ज स्वतः लेखी द्या, पोच घ्या. आणि बोलणी चालू आहेत म्हणून अपिलाची ३० दिवसांची मुदत थांबत नाही. फाइल घेऊन रात्री वर या, खाते नंबर इथे टाकू नका.