मदत हवी आहे: गल्लीतल्या कुटुंबासाठी पोरांची फुटबॉल स्पर्धा

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतले एक रिक्षावाले काका महिनाभर अंथरुणाला खिळून आहेत, पायाचं ऑपरेशन झालंय. घरात कमावणारे ते एकटेच. त्यांचा धाकटा आमच्या पोरांबरोबर खेळतो, म्हणून पोरांनीच डोक्यात घेतलंय की मॅच भरवून पैसे जमवायचे. कोल्हापूरची पोरं, दुसरं काय सुचणार!

बारा वर्षांखालची, सात-सात जणांची, एका रविवारी सकाळी उरकायची स्पर्धा. प्रवेश फी शंभर-दोनशे ठेवली तर फारसं काही उरणार नाही. म्हणून आयांनी मिसळ आणि सरबताचा स्टॉल लावायचं ठरवलंय. खरी कमाई तिथेच होईल असं मला वाटतं.

आता अडलंय कुठे ते सांगतो. पैसे माझ्या खात्यावर घ्यायचे नाहीत, उद्या कुणी बोट दाखवायला नको. थेट काकूंच्या खात्याचा क्यूआर कोड लावावा का? की तालमीमार्फत, म्हणजे इथल्या मंडळामार्फत, पावती फाडून घ्यावेत? धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का, हे कुणी अनुभवातून सांगेल का?

चार नंबरचे दोन-तीन बॉल कुणी दिवसभर उसने देईल का? पाच नंबरचा या पोरांना जड जातो. आणि रेफरी असा हवा, जो पालकांच्या आरडाओरड्याला बधणार नाही.

अजून एक, पोस्टरवर कुटुंबाचं नाव घालू नका असं काकू म्हणतात. मग लोकांना काय सांगायचं?