नक्कल म्हणा, पण पुढचंही ऐका

"जपानी इंडीपॉप (छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या वळणाचं पॉप) म्हणजे ब्रिटिश बँडची गोड नक्कल" असं कोणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. फ्लिपर्स गिटार या जपानी बँडचा पहिला अल्बम (१९८९) ऐकून तसं वाटणारच. गाणी इंग्रजीत, अल्बमचं नाव ऑरेंज ज्यूस या ब्रिटिश बँडच्या गाण्यावरून उचललेलं आणि एका गाण्याच्या नावात तर चक्क पेस्टल्स या दुसऱ्या ब्रिटिश बँडचे बिल्ले! पण पुढच्याच वर्षीच्या अल्बमवर ते जपानीत गायला लागले, १९९१ मध्ये बँड मोडलासुद्धा. त्यातला ओयामादा केइगो म्हणजेच नंतर कॉर्नेलियस या नावाने एकट्याने संगीत करणारा. आणि गंमत बघा, २००९ मध्ये ग्लासगोच्या त्याच पेस्टल्सनी जपानच्या टेनिसकोट्स बँडबरोबर आख्खा अल्बम केला. आता कोण कोणाची नक्कल करतंय?

नवख्यांनी मात्र अ‍ॅडव्हांटेज ल्यूसी या जपानी बँडपासून सुरुवात करावी. आधी त्यांचं नाव ल्यूसी व्हॅन पेल्ट होतं, 'पीनट्स' या चित्रमालिकेतल्या त्या खडूस मुलीवरून. त्यांचा 'फॅनफेअर' (१९९९) अल्बम लावा. गायिका आयकोचा आवाज इतका हलका की शब्द न कळताही गुणगुणायला होतं. (मला जपानी शून्य येतं.)

विस्मृतीत गेलेल्यांत माझं मत इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या डॉली मिक्स्चर या बँडला. तिघी मुली. १९८२ मध्ये कॅप्टन सेन्सिबल या ब्रिटिश गायकाच्या, तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यात मागे त्यांचेच आवाज आहेत, पण स्वतःचा डबल अल्बम त्यांना पुढच्या वर्षी स्वतःच काढावा लागला, तोही साध्या पांढऱ्या वेष्टनात. इंडीपॉपसाठी नावाजलेल्या 'सारा रेकॉर्ड्स' या ब्रिटिश कंपनीवाल्यांच्या आधीचं हे सगळं. जुनं खणायचंच असेल तर इथे खणा.