मदत हवी आहे : जुन्या द्राक्षबागेचे ओलांडे (वेलीच्या आडव्या मुख्य फांद्या) कोरडे पडत आहेत
सप्रेम नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर थॉमसन सीडलेसची बाग असून, डॉगरिज खुंटावरील (म्हणजे त्या जातीच्या मुळांवर चढवलेल्या) त्या वेलींची कलमे वडिलांनी १८ वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बांधली होती. यंदा एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्या येण्यासाठी केलेल्या आखूड छाटणीनंतर) खोडाजवळचे डोळे जोमाने फुटले, परंतु ओलांडे मध्येच हात-हातभर उघडे राहिले आणि तिथली साल सोलल्यावर आतले लाकूड तपकिरी, भुसभुशीत निघाले. हा खोडकिडीचा प्रकार आहे, की बुरशीचा? रोगट भाग कापून, बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावून, खोडाजवळच्या फुटीपासून नवा ओलांडा धरला, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीत त्यावर घड मिळतील का? बाग काढून डाळिंब लावण्याचा सल्ला मिळतो. वडिलांना तो ऐकवत नाही, मलाही नाही. तासगाव-पलूस भागातील अनुभवी बागायतदारांनी कृपया मार्गदर्शन करावे.