चंद्रावर माणूस हलका होतो, तेव्हा त्याच्यातले काय कमी होते?

शिक्षिका, फोंडा
चंद्रावर आपले वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सुमारे एक षष्ठांश भरते, असे मी चौथीच्या वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "मग उरलेला माणूस जातो कुठे?" पदार्थ, गुरुत्वाकर्षण आणि वजन यांचा संबंध या वयाच्या मुलांना सूत्राविना कसा समजावून द्यावा?

निवृत्त विज्ञान शिक्षक, डिचोली
मुलीचा प्रश्न रास्त आहे, कारण वजन ही अंगात साठवलेली वस्तू असावी असेच आपण नकळत शिकवत असतो. माणूस कुठेही जात नाही. त्याच्या शरीरातला पदार्थ, म्हणजेच वस्तुमान, चंद्रावरही तेवढेच राहते. प्रत्येक पदार्थ दुसऱ्या पदार्थाला आपल्याकडे ओढतो. पदार्थ जितका जास्त तितकी ही ओढ जास्त, आणि अंतर वाढले की ती कमी होते. हे झाले गुरुत्वाकर्षण. पृथ्वी आपल्याला जेवढ्या जोराने ओढते, ते आपले वजन. चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 81व्या भागाइतकेच आहे. तरीही वजन सहापटच का घटते, असे एखादे चुणचुणीत मूल विचारीलच. चंद्र आकाराने लहान असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा माणूस केंद्राच्या पुष्कळ जवळ असतो, हे त्याचे कारण.

पालक, वास्को
त्यासाठी चंद्रापर्यंत जायलाच हवे असे नाही. आमच्या हेडलँड सडा येथील ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसे अंटार्क्टिकावरच्या 'मैत्री' तळावर जातात. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तिकडे ओढ थोडी अधिक जाणवते. गोव्यात 60 किलो भरणारा माणूस इथेच जुळवलेला स्प्रिंगचा काटा घेऊन तिथे गेला, तर काटा सुमारे पाव किलो जास्त दाखवील (खाणेपिणे तेच धरून).

शिक्षिका, फोंडा
आणि बाजारातला दोन पारड्यांचा तराजू नेला तर?

निवृत्त विज्ञान शिक्षक, डिचोली
त्यात फरक दिसणार नाही, कारण वस्तू आणि वजनमाप या दोघांवरची ओढ सारख्याच प्रमाणात वाढते. तराजू वस्तुमानांची तुलना करतो, तर स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो. त्या मुलीला एवढे अवश्य सांगा की, पुस्तकांनी भरलेली पेटी चंद्रावर सहज उचलता येईल. पण गुळगुळीत जमिनीवर तीच पेटी आडवी ढकलून एकदम वेगात आणायची म्हटली, तर घर्षण सोडून इथल्याइतकाच जोर लावावा लागेल.