मदत हवी आहे: पिल्लू पिंजऱ्यात रात्रभर रडतंय

नमस्कार. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. दोन खोल्या, पुढं थोडं अंगण. घरात मी, बायको, आई-वडील. शनिवारी मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका वस्तीवरून कारवानी (कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याचं) पिल्लू आणलं. नर, आठ आठवड्यांचा, रंग बदामी. दिवसभर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळतो म्हणून वडिलांनी (आयुष्य मागावर गेलं त्यांचं) नाव धोट्या ठेवलं, धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो. दिवसा गुणी बाळ. रात्री मात्र चार दिवस झाले, आमच्यापैकी कुणी सलग दोन तास झोपलेलं नाही.

पिंजरा लोखंडी, घडीचा, ४२ इंची. दुकानदार म्हणाला, कारवान उंच होतो, आत्ताच मोठा घ्या, परत खर्च नको. पटलं. तो पुढच्या खोलीत दाराजवळ ठेवलाय, आम्ही आतल्या खोलीत झोपतो. आत जुनी सोलापुरी चादर चौघडी करून टाकलीय आणि वरून दुसरी, चारही बाजूंनी झाकून.

साडेदहाला आत घालतो. शेजारच्या कारखान्यात माग चालू असतात. त्या खटखटीत हा गपगार झोपतो. बाराच्या सुमाराला माग बंद झाले की पाच मिनिटांत ह्याचं सुरू. आधी नाकातून कुंई कुंई, मग जाळीला पंजे, मग थेट कोल्ह्यासारखं तोंड वर करून. पहिल्या रात्री काढून मांडीवर घेतला, झोपला. खाली ठेवला की परत तेच. दुसऱ्या रात्री कुठंतरी वाचलं की रडू द्या, दमून झोपेल. पाऊण तास रडला. जाऊन बघतो तर एका कोपऱ्यात शू आणि पातळ शी, आणि हा पंजे घाण झालेले घेऊन दुसऱ्या टोकाला थरथरत बसलेला. माझीच मला लाज वाटली.

त्यात आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आणि भिजलेली सोलापुरी चादर पिळलेली ज्यांना माहीत आहे त्यांना ते वजनही सांगायला नको. तीन चादरी बादलीत पडून आहेत. बायको माझ्याकडं बघत नाही.

आईचं म्हणणं वेगळंच. "पोपट हाय का त्यो, पिंजऱ्यात घालायला? भावंडांच्या ढिगात झोपत हुतं लेकरू." शेजारचे काका पहिल्या पाळीला जातात, तेही काल बोलले. सभ्यपणे बोलले, पण बोलले.

रडणं शूचं आहे की एकटेपणाचं, हे ओळखायचं कसं? गेलो तर लाडावतो, नाही गेलो तर घाण करतो. मोकळा सोडला तर वायरी चावतो. डॉक्टरांनी पहिली लस आणि जंताचं औषध दिलंय, तब्येत चांगली म्हणाले. लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर न्यायचा नाही, पार्व्होची (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) भीती. पिंजरा सोडूनच द्यावा का?

होटगीरोडकर: पिंजरा सोडू नका, पण आज रात्री तुमच्या उशाशी आणा. आठ आठवड्यांचं पिल्लू, आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपतंय, तेही वेगळ्या खोलीत. रडणार नाही तर काय करेल? तुमचा श्वास ऐकू आला तरी निम्मं रडणं जातं.

दुसरं, ४२ इंच त्याच्यासाठी वाडा झाला. एका कोपऱ्यात संडास, दुसऱ्यात शेज. पिल्लू झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही, पण जागा झोपण्यापुरतीच असली तर. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून पडता यावं, बास. मधे आडवं काहीतरी लावा आणि वाढेल तसं सरकवा.

तिसरं गजराचं. पिल्लाचे जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते धरू शकतं. तुमचा दोन महिन्यांचा, म्हणजे तीन तास, तेही फार तर. रडायची वाट बघू नका, आधीच उठून अंगणात ठरलेल्या एकाच कोपऱ्यात न्या. दिवा नको, बोलणं नको, लाड नकोत. झालं की हळूच शाबासकी आणि परत आत. मग ते लाडावणं राहत नाही. आणि पातळ शी का होतेय? रात्री काय देता?

धागाकर्ता: साडेसहाला पिल्लांचं तयार खाणं. नंतर काही नाही.

धागाकर्ता: दुरुस्ती. आत्ता आईला विचारलं. रोज दहाला वाटीभर दूध, त्यात भाकरी कुस्करून. "उपाशी झोपवायचं का?" असं वर मलाच विचारलं.

होटगीरोडकर: सापडला चोर! आईचं दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पोट सुटतं. रात्रीचं दूध बंद. पाण्याची वाटीही झोपायच्या तासभर आधी उचला, दिवसा मात्र भरपूर असू द्या. दोन दिवसांत शी घट्ट झाली नाही, किंवा मलूल वाटला, उलटी झाली, तर थांबू नका, डॉक्टरकडं न्या.

बाळीवेसवाला: चादर कशाला घालायला बे त्याच्याखाली? सोलापुरात राहून घरात जुने टॉवेल नाहीत का तुझ्या? टॉवेल टाक, अर्ध्या बादलीत निघतो, तासात वाळतो. वरची चादर पण चारी बाजूनी नको, पुढची बाजू उघडी ठेव, हवा जाऊ दे. कारवानाच्या अंगावर ना केस ना चरबी. गड्ड्याची जत्रा उठली तरी थंडी आहे अजून, थरथर त्याची पण असंल. आणि वस्तीवर परत जाऊन त्याच्या आईच्या अंगाखालचं गोणपाट आण. धुवू नको! वासच पाहिजे आपल्याला. माग बंद झाले की टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून लाव. आवाज पाहिजे, वारा नको.

निर्मोही: मला हे पटत नाही. आमच्या शेतावर तीन पिढ्या कुत्री आहेत, एकालाही कधी कोंडलं नाही.

होटगीरोडकर: शेतावर वायरी, फिनेलची बाटली आणि शेजारचे काका नसतात हो. पण फक्त कोंडायलाच वापरला तर तुमचं खरं आहे, मग तो तुरुंगच. दिवसा दार उघडं ठेवून त्याचं जेवण आतच द्यायचं. आपल्या पायानं जाऊन आत झोपला पाहिजे. दार लावताना गळ्यातला पट्टा काढायचा, जाळीत अडकतो.

धागाकर्ता: सहा रात्रींनंतर कळवतोय.

मधे फळी लावली. वडिलांनी ती सुतानं बांधली, मागवाल्याची गाठ, अजून हललेली नाही. पिंजरा माझ्या उशाशी. गोणपाट आणायला परत मंगळवेढ्याला जाऊन आलो. त्याचा वास आता आम्हा सगळ्यांना येतो, पण धोट्या त्यात नाक खुपसून झोपतो. पहिल्या रात्री वीसेक मिनिटं रडला, मी जाळीतून बोट आत घालून पडून राहिलो, बोट चाटत झोपला. गजर एक आणि चारचा. दूध बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी शी घट्ट.

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यानंच दिलं. एकटं वाटलं की पडल्या पडल्या कुंई करतो, बोट दिलं की थांबतो. शू आली की उठतो, गोल फिरतो, खाली हुंगतो आणि दाराकडं तोंड करून उभा राहतो. परवा चारचा गजर व्हायच्या आधी असाच उभा होता. अंधारात पंज्यांचा आवाज आला म्हणून कळलं.

आई दुपारी पिंजऱ्यापाशी बसून शेंगा फोडते, हा उघड्या दारातून आत जाऊन पसरतो. पोपट म्हणायचं तिनं सोडलेलं नाही. एकच विचारायचं राहिलं, पिंजरा पुढच्या खोलीत परत कधी न्यायचा?

होटगीरोडकर: आठवडाभर कोरडा झोपला की दर दोन-तीन दिवसांनी हातभर सरकवा. एकदम नको.

धागाकर्ता: दारापर्यंत नऊ हात आहे, मोजलं. बरं, आज नळाला पाणी आलंय. चादरी मीच धुवायच्या असं ठरलंय, निघतो.