अनुभव धागा: चांगल्या विषयाचं मातेरं करणारी वेबकॉमिक्स

जास्वंदी:
गेल्या रविवारी भाची आली होती, नववीत आहे, दुपारभर गादीवर पालथी पडून मोबाईल नुसता वर सरकवत होती. म्हटलं काय एवढं वाचतेस, तर म्हणे वेबटून, म्हणजे मोबाईलवर वर सरकवत वाचायचं कॉमिक. ‘ट्रू ब्यूटी’ नावाचं कोरियन, २०१८ पासूनचं, त्यावर मालिकापण आली हे सगळं तिनेच सांगितलं. गोष्ट अशी की एका मुलीला दिसण्यावरून शाळेत छळतात, ती व्हिडिओ बघून बघून मेकअप शिकते, नव्या शाळेत सगळे तिला अप्सरा समजायला लागतात आणि मग बिनमेकअपचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून तिची सगळी धडपड. विषय चांगलाच आहे की. मीपण शेजारी पडून वीसेक भाग वाचले. मग भाचीने एका चौकटीवर बोट ठेवलं आणि अगदी सहज विचारलं, मावशी, मी ह्यातली आधीची ना?

आधीची म्हणजे बिनमेकअपची. मला काय बोलावं सुचेना, भजी तळायला उठले.

नंतर परत बघितलं तर कळलं पोरीचं काही चुकलं नव्हतं. आधीचा चेहरा हसू यावं म्हणून काढलाय, बारीक डोळे, पुटकुळ्या, आणि नंतरचा इतका जीव लावून की एकेक पापणी मोजून घ्या. कथा घसा फोडून सांगतेय दिसण्यावर जाऊ नका आणि चित्र म्हणतंय जा, दिसण्यावरच जा. पोरीने चित्राचं ऐकलं.

तर असे अनुभव लिहा. छळ, जात, आजारपण, बाईचे प्रश्न, शेती, काहीही, ज्यात कॉमिकवाल्याचा हेतू चांगला होता आणि वाचून तुमची मात्र चिडचिड झाली. गाजलेल्या कामांची नावं घ्या, पण इन्स्टावर नुकती सुरुवात करणाऱ्या पोरापोरींची नावं नकोत, काम काय होतं तेवढं सांगा. आणि प्लीज कोणती चौकट, काय खटकलं ते लिहा, नुसतं ‘बकवास’ नको.

टंकाळू:
रुमाल टाकतोय. रात्री लिहितो, मोठं आहे.

वडापावकर:
मी जाडा आहे, १०४ किलो, आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणी विचारायला नको.
‘लुकिझम’ (२०१४ चं, नंतर त्याचं ॲनिमेपण आलं) मला एका मित्राने दिलं, म्हणाला तुझ्यासाठीच आहे हे. मित्र असावेत तर असे. बुटका जाडा पोरगा, शाळेत मार खातो, एक दिवस उठतो तर त्याला दुसरं शरीर मिळालेलं असतं, उंच, देखणं. एक शरीर झोपलं की दुसरं जागं. काय भारी कल्पना आहे राव! सुरुवातीचे भाग मी अक्षरशः डोळ्यात पाणी आणून वाचले, कारण तोच पोरगा, तेच मन, आणि लोकांचं वागणं असं बदलतं ते मला रोज लोकलमध्ये दिसतं. पण पुढे पुढे गाडी गँगच्या मारामाऱ्यांवर गेली ती गेलीच. आणि एक बघा, दिवसा देखणा शाळेत जातो, रात्री जाड्या दुकानात नाईट शिफ्ट करतो. मित्र देखण्याला, प्रेम देखण्याला, पानंच्या पानं देखण्याला. जाड्याला नुसतं झोपवून ठेवलंय. दिसण्यावरून होणाऱ्या भेदभावाचं कॉमिक आणि जाड्यालाच फुटेज नाही.

मुंबैकरीण:
वडापावकर, अगदी अगदी.
माझं ‘प्रियाज शक्ती’ बद्दल. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर केलेलं, २०१४ मध्ये आलं. बलात्कार झालेली खेड्यातली प्रिया, घरचे तिलाच दोष देतात, मग पार्वती प्रसन्न होते, प्रिया वाघावर बसून गावात परत येते. भिंतीवरच्या चित्रावर फोन धरला की ते हलतं वगैरे गंमत होती. घरचे तिलाच बोलतात तो भाग बरोबर पकडलाय, ते मान्य. पण वाघ आला की माझा रस संपतो. मी सात वर्षं एका समुपदेशन केंद्रात काम केलंय, बाईबरोबर चौकीत रात्री अकरापर्यंत बसलेय, हद्द आमची नाही हे उत्तर ऐकलंय. त्या बाकड्यावर देवी येत नाही, येतो तो फक्त चहा, तोही आपणच सांगितलेला. मला ते बाकडं बघायचं होतं.

शाईचा डाग:
मी दुसऱ्यांना नावं ठेवणार नाही, स्वतःचंच सांगते. आठ वर्षांपूर्वी मी इन्स्टावर कॉमिक काढायचे. शेतकरी आत्महत्येवर दहा चौकटी काढल्या. भेगा पडलेली जमीन, आभाळाकडे बघणारा म्हातारा, बैलजोडी, मागे गव्हाची वाळलेली ओंबी, शेवटच्या चौकटीत झाड आणि दोर. लाईक्सचा पाऊस. लोकांनी लिहिलं रडवलंस गं.
यवतमाळचा मामा दिवाळीला आला होता, त्याला कौतुकाने दाखवलं. त्याने चष्मा लावून एकेक चौकट बघितली, बोटाने मोठी करून. मग म्हणाला, “बाई, हा मानूस गव्हावाला हाय का पऱ्हाटीवाला?” पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मी म्हटलं विदर्भातला शेतकरी आहे. “मंग पऱ्हाटी कुठी हाय?” बरं. पुढची चौकट. “हे बैल कोनाचे? हे तं सोलापुराकडचे खिल्लार दिसून रायले. आपल्या गवळाऊची शिंगं एवढी कुठी असते?” मग ती भेगाळ जमीन. “काळी जमीन हाय ना, दर उनाळ्यात फाटते. पानी चांगलं झालं त्या सालीबी फाटते.” मी गुगलवर दुष्काळ टाकून पहिला आलेला फोटो समोर ठेवून काढलेली ती चौकट.
मग त्याने विचारलं कर्ज कोणाचं आहे ह्याच्यावर, सोसायटीचं का सावकाराचं. मला माहीत नव्हतं. माझ्याच पात्राचं कर्ज मला माहीत नव्हतं, नावसुद्धा ठेवलं नव्हतं मी त्याला.
शेवटच्या चौकटीवर तो बराच वेळ थांबला आणि एवढंच म्हणाला, “हे काहाले काढलं? त्याच्या घरचे पाह्यतीन ना.” मी ती पोस्ट त्याच रात्री काढून टाकली. त्यानंतर कॉमिक काढलंच नाही, खरं सांगायचं तर.

निवांत:
एवढं कशाला मनावर घेता? कॉमिक आहे. फुकट वाचायचं आणि वर चिरफाड करायची.

रोजंदारी रंगारी:
@निवांत, फुकट नाही हो. पुढचे भाग आधी वाचायला कॉइन लागतात आणि गोम तिथेच आहे, सांगतो.
मी दोन वर्षं अशा उभ्या स्क्रोलच्या सीरिजचं कलरिंग केलंय, कंपनीचं नाव नको. आठवड्याला एक भाग, भागात पन्नास-साठ चौकटी, ह्यात लाईन, फ्लॅट कलर, शेडिंग सगळं. भागाचा शेवट असा पाहिजे की वाचणाऱ्याने पुढचा कॉइन टाकलाच पाहिजे. मग लेखक काय करणार, दर आठवड्याला कुठून आणणार एवढं? कुणाचा तरी बाप दारू पिऊन दारात उभा, कुणाचे तरी फोटो व्हायरल. एकदा स्क्रिप्टमध्ये चक्क लिहून आलं होतं, ‘मुलगी बाथरूममध्ये रडते. कारण नंतर ठरवू.’ मी टाईल्सना निळसर शेड दिली, पाण्यावर चकाकी मारली, भाग हिट गेला. कारण कधीच ठरलं नाही, चार भागांनी ती मुलगी केस कापून हसत आली.
आणि कातडीच्या रंगाचं तर विचारूच नका. आमच्या पॅलेटमध्ये हिरॉईनचा रंग ठरलेला, आईचा एक शेड खाली, कामवालीचा तीन शेड खाली. कुणी बसून असं ठरवलं नव्हतं, आधीच्या माणसाकडून फाईल आली होती तीच सगळे वापरत होतो. मीपण. मी स्वतः कामवालीच्या शेडचा आहे हे मला सहा महिन्यांनी लक्षात आलं, कंपनीच्या पार्टीसाठी सगळ्यांची कार्टून काढत होतो तेव्हा.

निवांत:
हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

कोरेगावकर:
रंगारी, दंडवत घ्या.
१४ एप्रिलला एका मित्राने मला कॉमिक फॉरवर्ड केलं होतं, हॅपी जयंती लिहून. आठ स्लाईड. शाळेत माठ, एका पोराला पाणी देत नाहीत, मग शहरातून आलेला चष्मेवाला मुलगा उठतो, त्याला आपली बाटली देतो, सगळे टाळ्या वाजवतात, बाई डोळे पुसतात. शेवटी मोठ्या अक्षरात, आपण सगळे माणूस. ज्याला तहान लागलीय त्याला आठ स्लाईडमध्ये एक वाक्य नाही. नाव नाही. तोंडसुद्धा तीन चौकटींत पाठमोरं. चष्मेवाल्याचं नाव मात्र आर्यन. मित्राला म्हटलं अरे ह्यात मी कोण, तर म्हणाला तू असं पर्सनली घेऊ नकोस.
हा विषय चित्रात मांडता येत नाही असं नाही. ‘भीमायन’ घ्या, २०११ चं, वेबवरचं नाही, छापील पुस्तक आहे, पण बघाच. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांनी काढलंय, चौकोनी चौकटीच नाहीत त्यात, माणसं कोंडलेली दिसायला नकोत म्हणून. साध्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! कुणी वाईट आहे हे ओरडून सांगावंच लागत नाही. त्यात बाबासाहेब लहानपणी वडिलांना भेटायला निघतात आणि मसूर स्टेशनवर अडकतात तो प्रसंग आहे, जात कळल्यावर गाडीवान न्यायला तयार होईनात, शेवटी पोरांनी स्वतः बैलगाडी हाकायची ह्या बोलीवर निघाले. मसूर आमच्या बाजूचं. मी त्या स्टेशनवर शंभरदा उतरलोय, वडे खाल्लेत, आणि हे मला पंचविसाव्या वर्षी एका चित्रातून कळलं.

मध्यरात्र:
मी टोरंटोहून. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला डिप्रेशन आलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं, वाटायचं आळशी झालेय. त्या काळात एक वेबटून वाचत होते ज्यात नायिकेला डिप्रेशन असतं म्हणजे ती खिडकीत बसून सुंदर दिसते, पावसाचे थेंब काचेवर, आणि मग तो येतो, हात धरतो, पुढच्या भागात ती आईस्क्रीम खाते. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय, मी केससुद्धा विंचरत नव्हते, चार दिवस सिंकमध्ये कुकर तसाच.
मग कुणीतरी ॲली ब्रॉशचं ‘हायपरबोल अँड अ हाफ’ दिलं. चित्रं म्हणजे कुणी माऊस हलवत काढावीत अशी, गुलाबी फ्रॉक, पिवळी शेंडी, डोळे बटाट्यासारखे. २०१३ मधल्या भागात ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडून रडत असते आणि फ्रीजखाली तिला मक्याचा एक सुकलेला दाणा दिसतो, आणि ती हसायला लागते ती थांबेचना. बस. का हसली ते तिलाही सांगता येत नाही. मी ते वाचून उठले आणि कुकर घासला. बरी झाले असं म्हणत नाहीये, डॉक्टरकडे जायला अजून दोन महिने लागले. कुकर घासला एवढंच.

टंकाळू:
आलो. २००८, पुण्यात इंजिनिअरिंगचं हॉस्टेल, आम्ही सगळे गेमिंगवाली कॉमिक्स वाचायचो, त्यात एक ‘कंट्रोल-आल्ट-डिलीट’. हाणामारीचे, कन्सोलचे पाचकळ विनोद. आणि २ जूनला अचानक एक स्ट्रिप आली, चार चौकटी, एकही संवाद नाही. नायक हॉस्पिटलच्या दारातून पळत येतो, रिसेप्शनवर विचारतो, डॉक्टरशी बोलतो, चौथ्या चौकटीत त्याची मैत्रीण बेडवर आडवी, रडतेय. गर्भपात झालाय. आख्ख्या इंटरनेटने त्याची टर उडवली, आम्हीपण. मग त्याचं मीम झालं ते आजपर्यंत चालू आहे, नुसत्या रेघा काढायच्या, पहिल्या चौकटीत एक उभी, दुसरीत दोन, तिसरीत दोन, चौथीत एक उभी एक आडवी. ओळखणारा हसतो.
२०१९ मध्ये आमचं झालं. दहावा आठवडा. मी पळत वगैरे गेलो नाही, बिलिंग काउंटरच्या रांगेत उभा होतो, पॅन कार्डाची झेरॉक्स मागितली होती, ती काढायला खाली गेलो तर सुट्टे पैसे नव्हते. वर आलो तोवर आयाबाई ओरडत होती, पेशंटचं कोण आहे, पेशंटचं कोण आहे. हे मी त्या स्ट्रिपवाल्याला कधी सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं, की अरे, धावणं सोड, झेरॉक्स काढ.
तीन आठवड्यांनी ऑफिसात व्हाइटबोर्डवर कुणीतरी त्या रेघा काढल्या होत्या. सगळे हसले, मीपण हसलो, सवयीने. घरी येऊन बायकोला का सांगितलं माहीत नाही, पण सांगितलं, ती मूळ स्ट्रिप पण दाखवली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, तीन चौकटी हाच फिरतोय, त्या बाईला पहिल्यांदा दाखवलं ते डायरेक्ट आडवं. आणि मग म्हणाली, नाव काय तिचं?
अकरा वर्षं ते मीम हसत होतो आम्ही. नाव मला शोधावं लागलं.

मुंबैकरीण:
टंकाळू, वहिनींना नमस्कार सांगा.

जास्वंदी:
काय लिहावं कळत नाहीये. सगळ्यांचं वाचतेय.
भाचीला काल फोन केला होता, म्हटलं ते आधीची-नंतरचीचं तू जे विचारलंस ना. तर म्हणे कुठलं? तिला आठवतच नव्हतं. आता दुसरं काहीतरी सुरू केलंय, घोस्टचं.

शाईचा डाग:
धागा मामाला पाठवला होता, तो वाचतो सगळं. आत्ता व्हॉट्सॅपवर सहा फोटो आलेत. पऱ्हाटी जवळून, पऱ्हाटी लांबून, डवरा, सोसायटीचं पासबुक (नंबरावर अंगठा धरून), आणि बैलाचे दोन, एक समोरून, एक शिंगांचा. खाली लिहिलंय, ‘गवळाऊ. नाव रतन. मागच्या साली इकला.’