जुन्या झेड७७ बोर्डवर एनव्हीएमई एसएसडीवरून बूट करण्यासाठी बायोसमध्ये बदल करावा का?

जुनेयंत्र (प्रश्न)

माझ्याकडे इंटेलच्या झेड७७ चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर आय७-३७७० प्रोसेसर आहे. माझे काम या यंत्रावर अजूनही व्यवस्थित भागते, त्यामुळे ते बदलण्याची इच्छा नाही. पीसीआयई अ‍ॅडॉप्टर कार्डवर एम.२ आकाराची एनव्हीएमई (पीसीआयई मार्गाने चालणारी वेगवान) एसएसडी बसवली, तेव्हा विंडोज १० मध्ये ती लगेच दिसली आणि तिच्यावर फाइलीही उतरवता आल्या. परंतु बायोसच्या (बोर्डवरील चिपमध्ये असलेल्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) बूट यादीत ती येतच नाही. निर्मात्याच्या शेवटच्या अपडेटमध्येही ही सोय नाही. बायोसच्या फाइलमध्ये एनव्हीएमईचे मॉड्यूल घालून ती पुन्हा चिपवर लिहिता येते, असे वाचनात आले. हे नेमके कसे चालते, धोका कोठे असतो, आणि बायोसला हात न लावता हेच साधता येईल का?

फर्मवेअर_अभ्यासक

विंडोज सुरू झाल्यावर एनव्हीएमई ड्राइव्ह वाचण्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर वापरते, म्हणून ती तेथे दिसते. बूट होताना मात्र ड्राइव्ह वाचण्याची जबाबदारी यूईएफआय फर्मवेअरची, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसची असते, आणि आपल्या बोर्डच्या फर्मवेअरमध्ये सॅटाचा (नेहमीच्या डिस्कच्या जोडणीचा) ड्रायव्हर आहे, एनव्हीएमईचा नाही. एनव्हीएमईचे पहिले विनिर्देश २०११ मध्ये आले असले, तरी इंटेलच्या सामान्य बोर्डांवर ही सोय रुळली ती २०१४ च्या ९ मालिकेच्या चिपसेटपासून. म्हणजे उणीव हार्डवेअरची नसून एका छोट्या ड्रायव्हरची आहे, आणि म्हणूनच ती भरून काढता येते.

६, ७ (झेड७७ याच मालिकेतला) आणि ८ मालिकेच्या बहुतेक बोर्डांवर एएमआय कंपनीचे अ‍ॅप्टिओ ४ हे फर्मवेअर असते. निर्मात्याची सर्वांत अलीकडची बायोस फाइल यूईएफआयटूल या फर्मवेअर संपादनाच्या साधनात उघडावी, त्याची ०.२८ ही जुनी आवृत्ती घ्यावी, कारण नव्या इंजिनाच्या आवृत्तीत फाइल पाहता येते, पण बदलता येत नाही. ज्या विभागात डीएक्सई ड्रायव्हर (बूट होताना फर्मवेअर भरते ते ड्रायव्हर) ओळीने दिसतात, त्यातील शेवटच्या ड्रायव्हरनंतर ‘एनव्हीएम एक्स्प्रेस डीएक्सई’ हे मॉड्यूल घालावे. जागा अपुरी असेल तर त्याच मॉड्यूलची लहान आवृत्तीही मिळते.

त्यानंतरची तपासणी कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. मूळ फाइल आणि बदललेली फाइल दोन खिडक्यांत शेजारी शेजारी उघडाव्यात आणि मॉड्यूलांचा क्रम वरपासून खालपर्यंत ताडून पाहावा. कधी कधी साधन स्वतःहून एखादी ‘पॅड फाइल’ (रिकामी जागा भरणारी फाइल) वगळते किंवा नवी घालते, आणि अशी फाइल चिपवर गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते. नव्या मॉड्यूलखेरीज एकही फरक दिसला, तर ती फाइल वापरू नये.

चिप_आणि_चिमटा

वरील विवेचन अचूक आहे. मी लिहिण्याच्या टप्प्याबद्दल सांगतो, कारण बोर्ड निकामी होतात ते बहुधा तेथेच. बायोसमधील नेहमीचे अपडेट साधन बदललेली फाइल अनेकदा नाकारते. आपल्या बोर्डवर यूएसबी पेनड्राइव्हवरून थेट बायोस लिहिण्याचे बटण असेल, तर तो मार्ग सर्वांत सोयीचा. फाइलचे नाव मात्र पुस्तिकेत दिलेलेच हवे.

ती सोय नसेल, तर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप थेट वाचण्या-लिहिण्याचे यूएसबी उपकरण) आणि चिपला जोडण्यासाठी आठ पायांचा चिमटा लागतो. वीजपुरवठ्याची तार व बोर्डवरील बॅटरी आधी काढावी. चिपच्या कोपऱ्यावरील ठिपका पहिला पाय दाखवतो, आणि चिमट्याची लाल तार त्याच पायावर आली पाहिजे. या काळातील चिप ३.३ व्होल्टच्या असतात, परंतु काळ्या रंगाच्या सीएच३४१ए मध्ये डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, हे घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

काहीही लिहिण्याआधी चिप दोनदा वाचावी आणि दोन्ही प्रतींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळतो का, ते पाहावे. ६४ मेगाबिटच्या चिपची प्रत ८३,८८,६०८ बाइटचीच भरली पाहिजे. हॅश जुळत नसेल तर चिमटा नीट बसलेला नाही, आणि अशा अवस्थेत लिहिणे म्हणजे आगीशी खेळ. मॉड्यूल घालायचे तेही चिपमधून वाचलेल्या याच प्रतीत, कारण बोर्डचा अनुक्रमांक, यूयूआयडी हा ओळखक्रमांक आणि नेटवर्कचा मॅक पत्ता तिच्यात असतो; संकेतस्थळावरील फाइलमध्ये तो नसतो. मूळ प्रत दुसऱ्या यंत्रावर जपून ठेवावी. ती हाताशी असली, की बिघडलेला बोर्डही पुन्हा उभा करता येतो.

पेनड्राइव्ह_मार्ग

माझे मत थोडे वेगळे आहे. चिपला हात लावण्यापूर्वी क्लोव्हर हा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) वापरून पाहावा. लहान पेनड्राइव्हवर क्लोव्हर बसवून त्याच्या ड्रायव्हर फोल्डरमध्ये तोच एनव्हीएमई ड्रायव्हर ठेवला, की यंत्र आधी पेनड्राइव्हवरून सुरू होते, ड्रायव्हर भरते आणि मग एसएसडीवरील विंडोजकडे सूत्रे सोपवते. त्यासाठी सिक्युअर बूट (केवळ प्रमाणित प्रोग्रामच सुरू होऊ देणारी सोय) बंद ठेवावे लागते आणि पेनड्राइव्ह कायम लावून ठेवावी लागते, पण हा मार्ग पसंत पडला नाही तर ती काढून घेतली, की सारे पूर्ववत होते.

केवळ ईएफआय विभाजन (डिस्कवरील बूट फाइलींचा भाग) सॅटा डिस्कवर ठेवून विंडोज एनव्हीएमईवर टाकली, तर काम भागत नाही. विंडोजचा बूट मॅनेजर पुढच्या फाइली फर्मवेअरच्याच मदतीने वाचतो, आणि तेथेच गाडी अडते. लिनक्समध्ये मात्र कर्नेल व इनिट्रामएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा संच) सॅटा डिस्कवर ठेवून रूट विभाजन (मुख्य प्रणालीचा भाग) एनव्हीएमईवर ठेवता येते, कारण २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर आहे.

जुनेयंत्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी क्लोव्हर वापरून पाहीन आणि चिपची प्रतही काढून ठेवीन. दोन शंका उरतात: पुढे बायोस बदललाच, तर ड्राइव्ह तिच्या नावाने दिसेल का? आणि कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये लावावे?

फर्मवेअर_अभ्यासक

बहुतेक बोर्डांवर तिचे नाव न दिसता ‘पाटा’ (एका जुन्या डिस्क-जोडणीचे नाव) अशी नोंद दिसते. मॉड्यूल चालू असल्याची तीच खूण. सीएसएम (जुन्या बायोस पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावे, विंडोजचा पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू करावा, इतर डिस्क काढून ठेवाव्यात आणि ड्राइव्ह जीपीटी (यूईएफआयला लागणाऱ्या विभाजन पद्धतीच्या) स्वरूपात असू द्यावी. विंडोज बसल्यावर यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ येईल, तोच पहिल्या क्रमांकावर ठेवावा.

स्लॉटबाबत सांगायचे तर, आय७-३७७० ला थेट जोडलेले स्लॉट पीसीआयई ३.० चे असतात आणि चिपसेटकडून येणारे २.० चे. चार लेनवर (लेन म्हणजे स्लॉटमधील डेटाची वाट) पहिल्यात सेकंदाला सुमारे ३.९ गीगाबाइट आणि दुसऱ्यात २ गीगाबाइट इतकी कमाल मर्यादा मिळते. प्रोसेसरचा दुसरा स्लॉट वापरल्यास ग्राफिक्स कार्ड सोळाऐवजी आठ लेनवर चालते. बूट आणि रोजच्या कामासाठी २.० चा स्लॉटही पुरेसा आहे, कारण सॅटाची मर्यादा ५५० मेगाबाइटच्या आसपासच होती. मात्र त्या स्लॉटला चारही लेन जोडलेल्या आहेत का, ते पुस्तिकेत पाहून घ्यावे.